शिबिर नको, वार लावा : कोकणातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने गावासाठी काय करावं, कसं करावं

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत सहा शिलाई मशिनी पडून आहेत. चारांची चाकं फिरत नाहीत, एकीची सुई पट्टीला गंजून चिकटली आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दात्याने पैसे दिले आणि आम्ही हौसेने वर्ग काढला. फीत कापली, भाषणं झाली, चहा-शिरा झाला. पहिल्या महिन्यात बावीस बायका आल्या. लावणी लागली तशा अकरा उरल्या, गणपतीत चार, आणि दिवाळीनंतर शिकवणारी मुलगीच लग्न होऊन बांद्याला गेली. राहिलेलं काम पुढच्या पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने केलं.

त्या बावीसजणींत वाडीवरची एक पासष्टीची विधवा होती. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाय, माका मशीन नको. तलाठ्याकडसून कागद इलो हा, तेवढो वाचून सांग." मी म्हटलं, नंतर बघू. माझं सगळं लक्ष फोटोकडे होतं.

तो कागद वाचायला आम्हाला दोन वर्षं लागली. पण आमच्या मंडळीचं (म्हणजे चर्चच्या सभासद घरांचं) गावातलं खरं काम त्या कागदापासून सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या एका लहान गावात, ३७ घरांच्या मंडळीने जे केलं, जे फसलं आणि जे टिकलं, त्यातून ही वाट लिहिते आहे. तुमची मंडळी कॅथॉलिक असो, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो की आणखी कुठली, फरक नावांचा पडेल. काम तेच राहील.

मोठ्या इमारतींचं ओझं उतरवा

कोकणात मिशनचं काम जुनं आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये बाणकोटला सुरुवात केली, पुढे हर्णैला शाळा काढल्या. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या सेंट ल्यूक हॉस्पिटलात डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. (त्यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष, मग भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. वेंगुर्ल्यात हे आजही थोड्यांनाच ठाऊक.) वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये लोकांची बचत गोळा करायला सुरुवात केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आणि त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले.

ही नावं अभिमानाने घ्यावीत, पण त्यांनी आपलं एक नुकसानही केलंय. सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना नाहीतर शाळा येते. तेवढं जमत नाही, मग आपण वर्षातून एकदा आरोग्य शिबिर घेतो, नाताळात ब्लँकेटं वाटतो आणि अहवाल लिहून मोकळे होतो. शिबिरात रक्तदाब तपासून "जास्त आहे" असं सांगितलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी करायचं काय, हे त्याला कोणी सांगत नाही.

जुन्या कोकणात गरीब मुलं वार लावून शिकली. सोमवारी या घरी जेवण, मंगळवारी त्या घरी. त्या घरांनी शाळा काढल्या नव्हत्या. ठरल्या दिवशी एक ताट जास्त वाढलं जायचं, एवढंच. पण ते वर्षभर न चुकता. छोट्या मंडळीला झेपेल असा सेवेचा नमुना मला यापेक्षा चांगला सापडलेला नाही.

आपल्यात कोण आहे ते लिहून काढा

एका रविवारी उपासनेनंतर प्रत्येक घराला वहीचा एक कागद द्या. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: मला काय येतं, आठवड्यातला कुठला अर्धा दिवस मोकळा असतो, घरात कुठली वस्तू दुसऱ्याच्या कामी येईल. "दशांश किती देणार" हा (चर्चला कमाईचा दहावा हिस्सा देण्याचा) प्रश्न त्या दिवशी काढू नका. लोक कागद घडी करून खिशात घालतात, तो परत येत नाही.

आमच्याकडे निघाले ते असे: निवृत्त नर्स एक, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, पिकअप टेम्पोवाला एक, कॉलेजातले दोघे (मोबाईलवरचे सगळे फॉर्म ते झोपेतही भरतील), एक तांडेल (मच्छीमार होडीचा म्होरक्या) आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई. वस्तूंमध्ये दोन शिड्या, एक जनरेटर, चर्चची लांब पडवी आणि बारमाही विहीर. इमारतीकडेही गावकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. पडवीला पायऱ्या किती? म्हातारं माणूस चढेल का? संडासाचं दार बाहेरून उघडतं का? आमचा संडास वेस्ट्रीतून, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतून होता, म्हणजे परक्या बाईने विचारायचंसुद्धा नाही. पहिला खर्च आम्ही तिथे बाहेरून दार काढण्यावर केला.

काम पाळकांवर (चर्चच्या धर्मगुरूंवर) टाकू नका. पाळक बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर कामही जातं. त्यांनी पाठीशी राहावं. वही मात्र मंडळीतल्याच दोघांकडे असावी, त्यांत एक बाई असावीच.

चार आठवडे फक्त ऐका

दोघादोघांनी जायचं. हातात पत्रक नाही, पवित्र शास्त्र नाही, फॉर्मही नाही. वही पिशवीत ठेवायची आणि घरी येऊन लिहायची. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटायचं, तो मान असतो, गावकार-मानकऱ्यांनाही. पण खरी माहिती आशाताईकडे असते, अंगणवाडी सेविकेकडे, पोस्टमनकडे, रेशन दुकानदाराकडे आणि औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याकडे. कोण उधारीवर साखरेच्या गोळ्या नेतं, कोण अर्धीच पट्टी मागतं, हे त्या पोऱ्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

"तुमच्या समस्या काय?" असं विचारलंत तर "रस्ता" हे उत्तर मिळेल. आम्ही असं विचारत गेलो: गेल्या महिन्यात कुठल्या कामासाठी तालुक्याला जाऊन हात हलवत परत आलात? रात्री दुखलंखुपलं तर पहिला फोन कोणाला करता? विहिरीचं पाणी कधीपासून गढूळ येतं? घरात किती माणसं आहेत आणि मुंबईला किती?

या चौथ्या प्रश्नाला लोक बोलायला लागतात. घरं मोठी आणि त्यात म्हातारा-म्हातारी दोघंच, नाहीतर एकटीच.

फिरताना गावाचं पंचांगही लिहून घ्या. जून-जुलैत लावणी असते. त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद म्हणून खारवीवाड्यात हातात पैसा नसतो. गणपतीला चाकरमानी येतात, सह्या मिळायच्या तर त्याच दिवसांत मिळतात. ऑक्टोबरात भातकापणी, मग जत्रा आणि दशावतार, मार्चपासून काजू-आंबा, एप्रिल-मेत पाण्याची ओरड. आमचा शिवणवर्ग जूनमध्ये सुरू झाला होता. पंचांग बघितलं असतं तर बायका लावणी सोडून येणार नाहीत हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

एकच काम निवडा

ऐकून आल्यावर वहीत वीस कामं असतील आणि समितीत वीस मतं. तिथे तीन चाळण्या लावा. हे काम दुसरं कोणी आधीच करतंय का? करत असेल तर त्याला हातभार लावा, आपला वेगळा फलक नको. हे काम आपल्यातले दोघं आजारी पडले तरी चालेल का? आणि पैसे संपले तरी चालेल का? तिसऱ्या चाळणीत बहुतेक योजना अडकतात. अडकू द्या. आमची रुग्णवाहिका तिथेच अडकली आणि बरंच झालं. १०८ ची गाडी सरकारची आहे, ती कशी बोलवायची आणि खूण काय सांगायची हे वाडीवाडीवर शिकवणं आमच्या आवाक्यातलं होतं.

आम्ही निवडलं कागदांचं काम. ते कसं चालतं हे जरा सविस्तर सांगते, कारण बाकी कुठलंही काम लावायची रीत हीच आहे.

बुधवारचं टेबल

दर बुधवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, चर्चच्या पडवीत. बुधवार एवढ्यासाठी की त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो, वाडीवरची माणसं खाली येतातच. एक टेबल, दोन बाकं, दोरीने बांधलेलं पेन, स्टेपलर, पाण्याचा तांब्या आणि एका डब्यात वाचायचे तीन नंबरचे चष्मे. चष्म्यांची कल्पना पोस्टातल्या काकांची. निम्म्या लोकांना वाचता येतं, अक्षर दिसत नाही एवढंच. ते कबूल करायला लाजतात.

टेबलाचे नियम भिंतीवर लावले आहेत. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. ओटीपी विचारत नाही. तो माणूस स्वतः टाकेल किंवा त्याचा मुलगा. पैसे घेत नाही, झेरॉक्सचे दोन रुपये त्याचे त्याने दुकानात द्यायचे. आणि "होईल" असं म्हणत नाही, "बघू" म्हणतो.

वहीत सात रकाने: तारीख, नाव, वाडी, काम, कुठलं कार्यालय, पुढची तारीख, काय झालं. शेवटचा रकाना रिकामा दिसला की पुढच्या बुधवारी त्या घरी फोन जातो. आमची सगळी यंत्रणा म्हणजे हा सातवा रकाना.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त आले ते सातबाऱ्याचे लोक. कोकणात सातबारा म्हणजे एका पानावर तीस नावं, त्यातली बारा मयत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीवर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. पोफळी आडव्या, आंबे मुळासकट. पंचनामे झाले, पण भरपाई मिळायची तर जमीन अजून आजोबांच्या नावावर आणि हिस्सेदार विरार, डोंबिवली, सुरतेला. त्यांची संमतीपत्रं कोण गोळा करणार? त्या विधवेचा कागद असाच होता. नवऱ्याच्या जागी तिचं नाव लागायचं राहिलं होतं.

वारस नोंदीची वाट अशी असते. मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते, जुनी राहिली असेल तर वेगळी खटपट पडते. मग सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते लिहून अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्यायचं. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ऑनलाइन ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही अर्ज जातो. तलाठी फेरफार घालतो, संबंधितांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. बहिणींची नावं गाळू नका. "त्यांना काय करायचंय, त्या सासरी" असं टेबलाशी रोज ऐकू येतं. तिथे मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात बोलते. २०२५ मध्ये सरकारने मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला जिवंत सातबारा मोहीम काढली तेव्हा आमच्या वाड्यांतले अर्ज तयारच होते.

दुसरी गर्दी पेन्शनची. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये म्हणजे एकट्या बाईचं रेशन आणि गोळ्या. पैसे थांबले की कारण बहुधा साधं असतं: हयातीचा दाखला दिला नाही, आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं, नाहीतर अंगठा उमटत नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघतं. ते कॉलेजातल्या मुलांनी पडवीतच काढून दिलं.

एक गोष्ट मात्र मंडळीतल्या शिकल्यासवरलेल्यांनाही माहीत नव्हती. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई-कोल्हापूरला पेशंट न्यायची वेळ आली तर आधी उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड पिशवीत घाला, तिथल्या समाजसेवकाला भेटा आणि "धर्मादाय खाट आहे का?" हा प्रश्न ॲडमिट होतानाच विचारा. बिल हातात आल्यावर विचारलं तर सगळेच कानांवर हात ठेवतात.

तुम्ही रायगडात असाल तर टेबल चर्चमध्ये मांडून बसू नका, कातकरी वाडीवर न्या. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, म्हणून काम पावसाळ्यात उरकावं लागतं. कातकरी केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत येतात. घर, पाणी, रस्ता असं बरंच त्यात आहे. पण आधी जातीचा दाखला, आधार, रेशन कार्ड.

विहीर

पाऊस इथे तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात बाया हंडा घेऊन फिरतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, हे आपण शाळेत शिकवतो आणि विसरतो.

नोव्हेंबरात, ओढा वाहता असतानाच वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती, तोंड सुतळीने शिवून एकावर एक रचायच्या. जिल्हा परिषद दरवर्षी अशी मोहीम काढते, ग्रामपंचायतीला उद्दिष्ट असतं, म्हणून ग्रामसेवक तुम्हाला नाही म्हणणार नाही. चर्चच्या तरुण संघाची आणि गावातल्या मंडळाची मुलं एकत्र उतरली की सकाळभरात होतो. फलक लावायचाच तर ग्रामपंचायतीचा.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि पुरानंतर विहिरीत टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर टाकावी लागते. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. आपण त्याच्या सोबत राहायचं, कारण एकटा माणूस अंदाजाने मूठभर टाकतो. अंदाज नको, मोजा. दोरीला दगड बांधून सोडा. ओली झालेली दोरी म्हणजे पाण्याची खोली. विहिरीचा व्यास टेपने घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला ०.७८५ ने गुणा, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. आमच्या विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे साधारण १४,१०० लिटर. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ३५ ग्रॅम.

ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, बादली पाऊणभर भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, इकडे-तिकडे हलवा. खालचा चुना विहिरीत नाही, लांब खड्ड्यात टाका. संध्याकाळचा उपसा झाल्यावर केलेलं बरं. निदान तासभर कोणी पाणी भरू नये. मग पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची ओ.टी. टेस्ट: रंग पिवळसर आला पाहिजे. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा दम जातो. दोन वर्षांची उघडी पिशवी टाकली काय न टाकली काय, सारखंच.

पहिल्या वर्षी लोकांनी "पाण्याला वास येतो" म्हणून ओरड केली. आमच्या नर्सबाईंनी सगळ्यांच्या देखत काठावर बसून तेच पाणी प्यायलं.

एकटी माणसं

याला टेबल लागत नाही, यादी लागते. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं नाव, शेजाऱ्याचा फोन, मुंबईतल्या मुलाचा फोन, चालू गोळ्या. यादी सगळ्या गावाची करा, आपल्या मंडळीची नव्हे. दोन माणसांमागे एक जण. आठवड्यातून एक फोन, एक फेरी. जाताना काही नेलं नाही तरी चालतं. आमच्या नर्सबाई गोळ्यांच्या पट्ट्यांवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढतात: सकाळची, रात्रीची. वीज गेली की फोन बंद पडतात, म्हणून पावसात फोनवर विसंबू नका, चालत जा.

पूर आणि वादळ

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड आली. आम्ही दुसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांची सात गाठोडी भरून टेम्पो पाठवला. ते कपडे रस्त्याच्या कडेला चिखलात पडले. लोकांच्या घरात छातीभर गाळ होता. त्यांना हवी होती फावडी, घमेली, रबरी वायपर, गमबूट, पिण्याचं पाणी, सॅनिटरी पॅड आणि गाळ उपसायला हात. दुसरा टेम्पो आम्ही तसा भरला. बरोबर आठ तरुण आणि भिजलेली कागदपत्रं वाळवायला वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

गाळात उतरणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, सिंधुदुर्गात तर दर पावसाळ्यात. पायाला जखम असेल त्याने उतरू नये, गमबूट घालावेत, आणि प्रतिबंधक गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी, स्वतःच्या मनाने नाही. ताप आला तर "पावसात भिजलो" म्हणून घरी बसू नये.

चर्चची इमारत उंचावर आणि पक्की असेल तर मे महिन्यातच तलाठी आणि सरपंचांना लेखी कळवा: इतकी माणसं राहतील, इतके संडास, चावी अमुकाकडे आणि दुसरी तमुकाकडे. दुसरी चावी मंडळीबाहेरच्या शेजाऱ्याकडे द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर दारावर रंगवून ठेवा. आसऱ्याला आलेल्यांत हिंदू, मुसलमान सगळे असणार. स्वयंपाक शाकाहारी ठेवा, पातेली गावच्या मंडळाची मागवा, म्हणजे कोणाला जेवताना अडखळायला होत नाही. कोणाला नमाज पढायचा असेल, कोणाला संध्याकाळी दिवा लावायचा असेल, तर एक कोपरा मोकळा करून द्या. यावर आमच्या समितीत रात्री दीडपर्यंत भांडण झालं होतं. ते भांडण पावसाळ्याआधीच उरकून घेतलेलं बरं.

"ह्यांचा काय तरी आसतला"

हे वाक्य तुमच्या पाठीमागे बोललं जाणार. सेवेच्या आडून बाटवायला आलेत, हा संशय कोकणात नवा नाही, आणि रागावून तो जात नाही. आमच्याकडे तो थोडाफार कमी झाला तो काही नियमांमुळे. टेबलावर, यादीवर, पुराच्या कामात प्रार्थना सक्तीची नाही, सुचवायचीही नाही. कोणी स्वतःहून मागितली तर टेबल सोडून बाजूला. रविवारचं आमंत्रण त्या वेळी द्यायचं नाही. मंडळीच्या माणसाला रांगेत पुढे घ्यायचं नाही. मदत घेणाऱ्याचा फोटो नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ही शिकवण आपण दर वर्षी वाचतो आणि नंतर फोटो टाकतो. आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीला पत्र देऊन त्याची पोच घ्यायची.

मंडळीतले काही विचारतात, मग साक्ष (ख्रिस्ताविषयी सांगणं) कुठे राहिली? मला ते कोडं पडत नाही. पण पाळकांनी याचं उत्तर मंडळीला व्यासपीठावरून एकदा नीट द्यावं, नाहीतर एखादा उत्साही तरुण हयातीच्या दाखल्याबरोबर पत्रक सरकवतो आणि तीन वर्षांचं काम एका दुपारी बुडतं. आमचं जवळजवळ बुडालं होतं. त्या तरुणाला घेऊन मी स्वतः त्या घरी माफी मागायला गेले.

पैसे

बुधवारच्या टेबलाला महिन्याला हजार-बाराशे लागतात, चहा धरून. एवढ्यासाठी दाता शोधू नका. वेगळी पेटी ठेवा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडा आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावा. मोठी देणगी आली तर ट्रस्टच्या पावतीवर, बँकेतून, दोन सह्यांनी. तुमचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर दरवर्षीचं ऑडिट आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, हे चुकवू नका. कितीतरी मंडळ्यांची भांडणं या न भरलेल्या अर्जातून सुरू होतात.

परदेशी पैशाचं ध्यानात ठेवा. एफ.सी.आर.ए. (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घेता येत नाही, मग तो आपल्याच गावचा, लंडनचा पासपोर्ट घेतलेला का असेना. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्या भाच्याने स्वतःच्या पगारातून दिले तर ते परदेशी धरत नाहीत. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीच्या ठरलेल्या स्टेट बँक शाखेतल्या खात्यातच येतात आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत.

मुलांचा वर्ग काढणार असाल तर

अभ्यासिका काढणं सगळ्यांना सोपं वाटतं. काढा, पण दोन मोठी माणसं असल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि उघडलं की उघडंच ठेवायचं. कोणी मुलाला एकट्याने घरी सोडायला जाणार नाही, पाळकही नाही. मुलाने काही सांगितलं तर समितीत "आपापसात मिटवू" हा विषयच येता कामा नये. २०१२ च्या पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांना पाठ करून घ्या.

वही कोणाकडे द्यायची

तीन वर्षं झाली की एक जागा मंडळीबाहेरच्याला द्या. आमच्या टेबलावर आता बुधवारी चौघं बसतात, त्यांतले दोघे चर्चचे नाहीत. एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, त्यांना कुठला अर्ज कुठे अडतो हे आमच्यापेक्षा बरं कळतं. दुसरी वाडीवरची तीच विधवा. तिच्या नावाचा सातबारा निघाला त्याला दोन वर्षं झाली. तिला लिहिता येत नाही, पण वाडीवरच्या कोणाकडे कुठला कागद अडलाय हे तोंडपाठ असतं. बाजाराच्या दिवशी ती सकाळी नऊलाच येते, चष्म्यांचा डबा उघडून काचा पदराने पुसते, आणि बाकावर बसणाऱ्याला आधी विचारते, "आधार हाडलंस?" (आणलंस का?)

गेल्या महिन्यात तिने मागच्या खोलीतल्या मशिनी बघितल्या. दोन अजून चालण्यासारख्या आहेत, म्हणाली; वाडीवरच्या पोरींना द्या, त्यांनी मागितल्या आहेत. या खेपेस आम्ही आधी विचारलं: किती जणी, कुठल्या महिन्यात, तेल कोण घालणार. लावणी उरकली की दोन्ही मशिनी टेम्पोने वर जातील.